हायड्रोजनचा पत्ता

१९७२ सालची गोष्ट. एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात हंगामी कारकूनबाई होत्या. शंभरावर मूलद्रव्यं, प्रत्येकाचं एक कार्ड करायचं, त्यावर ठरलेले रकाने भरायचे – चिन्ह, अणुअंक, वजन, कुठे सापडतं, कोणाशी जमतं, घराणं कुठलं – आणि घराण्याप्रमाणे कार्डं कपाटाच्या खणांत लावायची, हे त्यांचं काम. तपासणीसाहेबांना कपाट पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

बाकीची कार्डं गुण्यागोविंदाने नांदली. हायड्रोजनने मात्र पिच्छा पुरवला.

विभागप्रमुख सर म्हणाले, "तो एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, सोडियमसारखा. पहिला खण!"

दुपारी प्राध्यापिकाबाई आल्या. "अहो, तो घेतोसुद्धा, क्लोरीनसारखा! सरांचं काय ऐकता? सातवा खण!"

सकाळी सर कार्ड पहिल्यात घालत, दुपारी बाई सातव्यात. दोघांचा आपसांत अबोला. कार्डच काय ते ये-जा करी. महिनाभरात त्याचे कोपरे झिजले.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता कारकूनबाई रडकुंडीला आल्या. "पहिल्यात ठेवला तर बाई चारचौघांत तोंडावर पाडतील, सातव्यात ठेवला तर सर."

"कोण गं हा मेला?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे एक हायड्रोजन म्हणून."

"आमचे धाकटे भावजी अस्सेच. जेवायला थोरल्यांकडे, झोपायला मधल्यांकडे. शोधणारा दमायचा. शेवटी मामंजींनी त्यांना मागची खोली दिली आणि दोन्ही दारांवर चिठ्ठ्या लावल्या – मागे बघा."

सकाळी सर यायच्या आत कारकूनबाई कपाटापाशी हजर होत्या.

पहिलंच मूलद्रव्य, म्हणून साहेबांनी सुरुवातही तिथूनच केली. पहिल्या खणात चिठ्ठी निघाली: 'हायड्रोजन इथला नातेवाईक. राहायला वरच्या स्वतंत्र खणात.' सातव्यातही तीच. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, बाईंच्या भुवया चढल्या. "पहिला!" "सातवा!" दोघं साहेबांना एकदमच म्हणाले.

"मग या दोघांत बरोबर कोण?" साहेबांनी विचारलं.

कारकूनबाई म्हणाल्या, "दोघंही, साहेब. नाती कितीही असोत, पत्ता एकच हवा."

साहेबांनी वरचा खण उघडला. 'कोणाशी जमतं' या रकान्यात लिहिलं होतं: 'पुष्कळांशी. ऑक्सिजनसोबत असताना काडी ओढू नये.' साहेब पोट धरून हसले आणि हसता हसताच सही केली.

सर चार वर्षांनी निवृत्त झाले आणि मधमाश्या पाळू लागले. प्राध्यापिकाबाई विभागप्रमुख झाल्या. साहेबांची पुढच्याच वर्षी बदली झाली. कारकूनबाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली. कपाट संगणकात चढवलं तेही त्यांनीच. सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या. सुनेच्या ऑफिसात हायड्रोजन नावाचा एक बिनलग्नाचा माणूस आहे, अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती, आणि त्याच्यासाठी त्यांनी दोन स्थळंही सुचवली होती.