लेबलकाकांचं अक्षर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर म्हणून राबलेल्या त्या माणसाला पोरं लेबलकाका म्हणत, कारण बाटली रिकामी असली तरी ते तिच्यावर 'रिकामी' अशी चिठ्ठी डकवत, खाली तारीख. अशा काटेकोर माणसाच्या हातून असलं काही व्हावं! पण झालं खरं, आणि तेही पोटच्या लेकीच्या घरात, मागच्या खोलीत.

निवृत्तीनंतर काका लेकीकडेच राहायला आले होते आणि घरात बसून माशा मारत होते. जावई गोडबोल्या. त्याने सासऱ्याला अलगद हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

"बाबा, बाजारात येतो तो माल नुसता कचरा असतो. पोरं मरतात त्यानं. तुम्ही काही बनवू नका, फक्त साफ करून द्या. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

माल म्हणजे मेथ, नशेचे खडे, हे काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते काही दूधखुळे नव्हते. पण 'मी घाण घालत नाही, घाण काढतो' हे वाक्य त्यांनी मनाशी घोकून ठेवलं. पिवळट, गढूळ चिखलातून पहिल्यांदा पांढरेशुभ्र खडे निघाले तेव्हा तर त्यांना चक्क अभिमान वाटला. कुणाला दाखवता येत नाहीत, एवढंच काय ते वाईट वाटलं.

लेकीला दोघांनी सांगितलं होतं की बॅटरीत घालायच्या पाण्याचा धंदा आहे. ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असायची. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की खोकायला लागायची, डोळे चोळायची. काका खिडकी उघडून म्हणायचे, "हवा बदलली आहे गं." हे बोलताना त्यांची जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

शेवटी शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. रविवारी सकाळी पोलीस दारात आले आणि जावई मागच्या भिंतीवरून पसार झाला. काका पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. पोलिसांना वाटलं, म्हातारा लेकीकडे चार दिवस राहायला आला असेल.

मागच्या खोलीत शिरताच इन्स्पेक्टरला हसू आवरेना. असल्या खोल्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या, पण अशी कधीच नाही. फळीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर वळणदार अक्षरात नाव, तारीख आणि खाली 'हातमोजे घालावेत'. चोराने पावती फाडून जावं, तसा प्रकार. सवय होती, दुसरं काय!

मग त्याची नजर फ्रिजवर लावलेल्या किराण्याच्या यादीकडे गेली आणि हसू मावळलं. त्याने एक बाटली आणून यादीशेजारी धरली.

"यादी कुणी लिहिली?"

"मी," लेक म्हणाली.

"आणि ही चिठ्ठी?"

अक्षर तेच होतं. असणारच. लहानपणी पाटीवर तिचा हात धरून काकांनीच ते गिरवून घेतलं होतं. लेकीने चिठ्ठी वाचली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीही माझीच."

काकांनी तोंड उघडलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्यांना बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं, अगदी हलकं वाटलं. एक पोलीसबाई लेकीला खुर्चीवर बसवून तिचा फोन काढून घेत होती आणि काका वर्तमानपत्राची घडी घालत होते.

तासाभराने बाटल्यांत काय आहे ते सांगायला कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाई आल्या. वीस वर्षं काकांनी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. तोंडाला मास्क लावून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"बाई, हे अक्षर या मुलीचं आहे. तिने कबूल केलंय," इन्स्पेक्टर म्हणाला.

"साहेब, रसायनांचं विचारा, मी सांगते," बाई म्हणाल्या. "अक्षराचं ज्याचं त्याने सांगावं."

काका उठले.

"माझं आहे," ते म्हणाले. "साफ करायचं सगळं काम मी केलं. हिला काही माहीत नव्हतं."

जबाब झाला. त्यांना गाडीकडे नेताना लेक पायऱ्यांपर्यंत आली. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी तिने वडिलांचा हात घट्ट धरला होता.

"बाबा, बाई आल्या नसत्या तर तुम्ही बोलला असता ना?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? तिला तेवढंच हवं होतं. पण आता आणखी एक खोटं त्यांच्या घशातून बाहेर येईना.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

लेकीने हात सोडला.