टिफनीचं पाणी

रविवार म्हणजे ॲंजेलाच्या डोळ्यांची सुट्टी. आठवडाभर अंधेरीच्या स्टुडिओत ती नाचगाण्यांचे व्हिडिओ एडिट करायची. तीच ती कंबर, तोच तो धूर, ठेका पडला की कट. कंटाळा इतका मुरला होता की वरातीत कुणी नाचताना दिसलं तरी तिचा अंगठा कट मारायला आपोआप वळवळायचा. आणि नेमक्या रविवारी, विरारच्या फ्लॅटमध्ये नवरा सिद्धेश जेवून आडवा झालेला असताना, माहेराहून, गिरीजहून, धाकट्या भावाचा फोन आला.

"बाय, व्हिडिओ पाठवलाय. चुका सांग. शनिवारी हॉलमध्ये पडद्यावर लावायचाय," जेन्सन म्हणाला.

सोनारानंच कान टोचावेत हे खरं, पण सोनाराला एखादा दिवस झोपू द्यावं की नाही?

जेन्सनच्या मुलीचं, टिफनीचं, लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीसाठी विहिरीचं पाणी वाजतगाजत काढायचं, बायकांनी गाणं म्हणत नाचायचं, हा त्यांच्या वसईकडच्या ख्रिस्ती वाड्यांतला जुना रिवाज. त्याच गाण्याचा जेन्सननं हौसेनं आधीच व्हिडिओ केला होता. आवाज त्याच्या बायकोचा, ग्लोरियाचा. वाडीतल्या बायका त्या रेकॉर्डवर ओठ हलवत नाचल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे आई, आग्नेस. एरवी हे गाणं आईनंच सांगावं. ज्या घरचं लग्न असेल त्या नवरीचं नाव कडव्यात असं बसवायची की गाणं तिच्यासाठीच रचल्यासारखं वाटावं.

फोन स्पीकरवर ठेवून ॲंजेलानं लॅपटॉप उघडला.

"सुरुवात बरी आहे. केळीच्या आडून कॅमेरा विहिरीवर येतो, छान. पण गोष्ट कुणाची आहे रे? आई सगळ्यांना घेऊन निघालीय ना? मग तिचा चेहरा कुठाय? ती वळली की तू पायांवर. तिनं हात उचलला की तू कळशीवर. इथे तर चक्क नारळाच्या झाडावर गेलास. नारळ नाचतोय का?"

"तूच शिकवलंस," जेन्सन हळूच म्हणाला. "नाचणारा चुकला की पायांवर कट मारायचा."

"पायसुद्धा आईचे नाहीत हे."

ॲंजेलाला एकदम थकवा आला, झोपून न जाणारा. ताकाला जाऊन भांडं लपवत होता हा मुलगा. चूक सांग म्हणत होता आणि चूकच झाकत होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यापासून. पावलं विसरते. मधेच थांबून विचारते, कुणाचं लग्न? सांगणार होतो. पण तू दमलेली असतेस."

हे तिला लागलं. कारण हे वाक्य तिचंच होतं. गिरीजला ये म्हटलं की ती हेच सांगायची.

"एक शॉट आहे तिच्या चेहऱ्याचा," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "विहिरीच्या काठावरचा. त्यात ओठ जुळत नाहीत."

"माहितीय. पण त्यात पावलं बरोबर आहेत. आणि हसलीय बघ कशी. काढवेना मला."

ॲंजेलानं व्हिडिओचा आवाज बंद केला आणि तो तुकडा संथ करून पुन्हा लावला. कडव्याची जागा आली. ग्लोरिया तिथे 'टिफनी बायचं पानी' म्हणते. टिफनीतल्या 'फ'ला ओठ जवळ यायलाच हवेत. आईचे आले नाहीत. तोंड मोठं उघडलं, मग जीभ टाळ्याला लागली, आणि शेवटी ओठ पुन्हा उघडेच राहिले.

तिनं पुन्हा लावलं. मग पुन्हा. ॲंजेला.

ॲंजेलानं सिद्धेशशी कोर्टात लग्न केलं तेव्हा आई ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "तुजं पानी मी नाय काढायची." पुढे राग निवळला. येणंजाणं सुरू झालं. जावयाला आवडतात म्हणून आई केळीही धाडायला लागली. पाण्याचा विषय मात्र दोघींपैकी कुणीच कधी काढला नाही. आणि आता, सगळी पावलं हातची निसटत असताना, आई विहिरीवर उभी राहून हसत हसत तिचं नाव घेत होती. ॲंजेलाला रडू फुटलं. आत सिद्धेशनं कूस बदलली.

"बाय? काय करू सांग. तो शॉट काढू?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. हॉलमध्ये सगळी वाडी बसणार होती. हे गाणं पाठ असलेल्या बायका आईचे ओठ एका नजरेत वाचतील, आणि हसं आईचं होईल.

"काढ," ती म्हणाली. "त्याच्या जागी टिफनीचा चेहरा घाल. नवरी आहे, कुणी काही म्हणणार नाही."

"आणि हा तुकडा?"

"मला पाठव. पाणी माझं आहे ते."

मग लॅपटॉप मिटून ती उठली आणि गिरीजला जायला चपला शोधू लागली.