गॅलरीत एक खुर्ची, दोन कुंड्या

गुरुवारी गृहनिर्माण खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार आणि सोमवारी मला कळतं, की मी आखलेल्या इमारतीत तळमजल्यावरची एक गॅलरी प्लायवूड ठोकून बंद केलीय. कोणी? माझ्या सख्ख्या भावाने. दादाला हे घर सोडतीत लागलं, माझा त्यात काडीचाही संबंध नाही, पण हे सांगून कोणाला पटणार? त्याचं बघून वरच्या मजल्यावरच्यांनीही सुताराला मापं घ्यायला बोलावलं होतं. खुद्द आर्किटेक्टबाईंच्या घरच्यांनी केलंय म्हटल्यावर त्यांना अडवायचं कोणत्या तोंडाने?

त्या गॅलऱ्यांसाठी मी किती डोकेफोड केली होती ते माझं मला माहीत. चारच मजले, मधे अंगण, भोवती घरं. गॅलरीतून वारा आत शिरतो, दोन्ही खोल्या ओलांडतो आणि स्वयंपाकघराच्या जाळीतून मागे निघून जातो. दिवसा दिवा लागत नाही, उन्हाळ्यातही पंखा मंद ठेवून भागतं. साहेबांना हे पटलं तर पलीकडच्या मोकळ्या जागेवर गरिबांसाठी अशीच घरं होणार होती. नाही पटलं तर तिथे टॉवर उभे राहणार, कबुतरांच्या खुराड्यांसारखे. त्यांचे नकाशे कोणाच्या तरी टेबलावर तयारच होते.

दुपारी तावातावाने दादाकडे गेले. ताबा मिळाल्यापासून मी त्या इमारतीकडे रस्त्यावरूनच मान वर करून बघत होते, आत जायला सवड कोणाला होती. बाहेरच्या खोलीत भाची झोपली होती. ती नर्स आहे, तिला कायमची रात्रपाळी. वहिनीने ओठांवर बोट ठेवलं, त्यामुळे मला भांडावं लागलं तेही कुजबुजत. प्लायवूडला एक दार होतं. ते ओढलं, तर आत आई.

खाट अशी घट्ट बसली होती, की आईला पायथ्याकडून चढून आत सरकावं लागत असणार. कठड्यावर औषधं होती, उशाला रेडिओ. ती मजेत होती, हे जास्त लागलं मला.

दादा म्हणाला, आतली खोली आमची, बाहेरची दिवसभर पोरीची, तिथे दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून असायची.

“तुझ्या नकाशात आईची खाट दाखव,” तो म्हणाला. “आत्ता काढतो प्लाय.”

नकाशा पिशवीतच होता. मी तो उघडला. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं, खात्याने घालून दिलेलं कुटुंब. पलंग काढले होते, कपाटं काढली होती, गॅलरीत हौसेने एक खुर्ची आणि दोन कुंड्याही. माझ्या नकाशातली मुलं कधी मोठी होत नव्हती आणि कोणालाच आई नव्हती. मला माझा संताप आला आणि दादाचा त्याहून जास्त, कारण त्याचं खरं होतं.

आईला म्हटलं, माझ्याकडे चल. तुझे ते तीन जिने मला कोण उचलून चढवणार, म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

शेवटी गुरुवारपुरता प्लाय काढायचं ठरलं. दादाने हजार वेळा कुरकुर केली, पण काढला. खाट उभी करून आतल्या खोलीत लपवली. वहिनीने शेजारून दोन कुंड्या मागून आणल्या, खुर्ची आमचीच होती. आई पुन्हा स्टुलावर गेली.

साहेब आले. स्वयंपाकघराच्या जाळीपाशी त्यांनी रुमाल धरला, तो फडफडला. मग गॅलरीतल्या खुर्चीवर बसून त्यांनी नकाशा मांडीवर पसरला.

“अगदी नकाशात काढलंय तसंच आहे,” ते म्हणाले. “असं सहसा दिसत नाही हो.”

पुढची घरं मंजूर झाली, तिथल्या तिथे. मला मात्र राहवेना. म्हटलं, नव्या घरांत आतली खोली थोडी लांब घेऊ या, एका खाटेपुरता कोपरा, त्याला छोटी खिडकी. घरात म्हातारी माणसं असतात.

“मॅडम, आता याला हात लावायचा नाही. एक रेघ हलली, तर सगळ्या मंजुऱ्या पहिल्यापासून. तोवर ती जागा टॉवरवाले घेऊन जातील. आहे तसं बांधा.”

खाट कुठे लपवलीय ते सांगितलं असतं, तर आहे तेही गेलं असतं. मी नकाशा गुंडाळून पिशवीत ठेवला.

साहेबांची गाडी वळेपर्यंत दादाने स्क्रू-ड्रायव्हर काढलाच होता. वहिनी कुंड्या परत करायला गेली.

“झालं का तुझ्या मनासारखं?” आईने स्टुलावरून विचारलं.

“झालं.”

“मग तोंड पाडून काय बसलीस? ऊठ, त्याला फळी धर.”

मी दोन्ही हातांनी प्लाय धरला. उरलेल्या फटीतून तोंडावर वारा येत होता, मी हिशेब मांडला होता त्याहूनही छान. दादाने शेवटचा स्क्रू आवळला आणि वारा थांबला.