डाव्या कुशीवर

आमच्या ह्यांचा उजवा हात दिवाळीपर्यंत सुधारला नाही तर पुण्याला नेऊन मानेचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मानेत शीर दबली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या यायच्या, चहाची बशी हातातून निसटायची. शिरूरला फिजिओथेरपीवाल्या सीमाताईंकडे शेक, मान ताणणं, व्यायाम, सगळं चालू होतं. निमोण्याहून एसटीनं मीच न्यायची. व्यायामात ह्यांची कुचराई नव्हती, तरी सकाळी हात बधिरच. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तसं झालं की मी भांडते.

"आबा, रात्री झोपता कसे?" त्या दिवशी सीमाताईंनी विचारलं. "दाखवा बरं."

हे टेबलावर उजव्या कुशीला वळले आणि दुखरा हात दुमडून डोक्याखाली घेतला. मेंढरं होती तेव्हा रानात असेच झोपायचे. मेंढरं कधीच विकली, खोड काही जाईना.

सीमाताईंनी कपाळाला हात लावला. "दिवसाची सगळी मेहनत रात्री पाण्यात!" पाठीला बाक, त्यामुळे उताणं जमणार नव्हतं. त्यांनी ह्यांना डाव्या कुशीवर वळवलं, मानेखाली टॉवेलची गुंडाळी दिली, उजव्या हाताखाली उशी. "आता असंच झोपायचं."

हे ताडकन उठून बसले. "न्हाई जमायचं."

"अवं, हात जाईल!" मी ओरडले. "पोरासारखा हट्ट कशापायी?"

"उजवा कान बहिरा हाय माझा, ताई. डाव्या कुशीवर निजलो की कायबी ऐकू येत न्हाई."

"मग? घरात आता काय लांडगा येणार हाय?" मी म्हणाले.

ह्यांनी दुखरा हात मांडीवर ओढून घेतला. मग खाली बघत बोलले, "कोंडिबाला मारलं तवा मी डाव्या कुशीवर हुतो, कुशे. तळाच्या पलीकडच्या टोकाला न्हवतो. हाकंवर हुतो. त्यानं हाक मारली आसंल."

कोंडिबा माझे धाकटे दीर. मेंढरांच्या तळावर रात्री चोर आले, त्यात ते गेले. आपण लांब, पलीकडच्या टोकाला होतो, असं ह्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी पडून पहारा देत होता, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.

"आजपास्नं रातीचं मी ऐकते," मी म्हणाले. "निजा तुम्ही."

हे माझ्याकडे बघत राहिले, मग सावकाश डाव्या कुशीवर आडवे झाले. सीमाताई पडदा ओढून बाहेर गेल्या.

"भावजी तुमच्यापायी न्हाई गेले," मी म्हणाले.

हे हलले नाहीत. तेव्हा ध्यानात आलं, मी बहिऱ्या कानाशी बोलत होते. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी उचललं, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा सांगितलं.

मान ताठ होती. मग हळूहळू तिचा सगळा भार माझ्या तळहातावर आला.