कात्री माझ्याच कप्प्यात होती

मी एक जुनी लाल पेटी आहे. आइसलंडमधल्या एका खाडीकाठी मासळीचा कारखाना आहे, त्याच्या भिंतीवर टांगलेली. माझं नाव डिफिब्रिलेटर. जिभेला जड जातं, म्हणून इथे मला ‘बोलकी’ म्हणतात. मित्रांनो, माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याचं हृदय कधी कधी लगेच थांबत नाही. जाळ्यातल्या मासोळ्यांसारखं नुसतं वळवळत राहतं. ती वळवळ मला ऐकू येते. मग मी विजेचा झटका देते आणि हृदयाला हरवलेला ठोका पुन्हा सापडू शकतो.

मला बसवलं त्या दिवशी केक कापला, फोटो काढले. मुकादम स्टेइनार म्हणाला, “आजपासून आपल्याकडे मरायला बंदी!” सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात कोणीतरी माझ्यावर ओला रेनकोट टांगला. त्यावर दुसरा. सहा वर्षं मी त्या अंधारात रोज पहाटे स्वतःला तपासत होते. तेव्हा माझ्यातून बारीक आवाज यायचा. झाडलोट करणारे म्हणायचे, कोटांमागे कोणीतरी श्वास घेतंय. पण कोट सारून बघायची हिंमत एकाचीही नाही. भुताला भ्यायचे आणि मरणाला विसरायचे, अशी ही माणसं!

जानेवारी होता. सकाळचे अकरा वाजले तरी खिडकीत निळा काळोख होता. मासे कापायच्या टेबलाजवळ काम करणारा ओटार कोसळला. एकाने रुग्णवाहिकेला फोन केला, एकजण त्याची छाती दाबू लागला. ओटारची मुलगी हुल्डा समोरच खोकी भरत होती. तिने कोट ओढून फेकले, मला आणलं, झाकण उघडलं. सहा वर्षांनी मी बोलले, “छातीवरचे कपडे काढा.”

ओटारच्या अंगात स्वेटर होता. त्याची बायको सोलवेग हिने मरायच्या आधीच्या हिवाळ्यात तो विणला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक. हातच्या विणीला कात्री लावायची, म्हणजे विणणारीच्याच अंगाला लावायची, असं इथे मानतात.

हुल्डाने माझ्या कप्प्यातली कात्री घेतली. स्टेइनारने तिचं मनगट धरलं.

“वेड लागलं का तुला? आईच्या हातचा आहे तो! डोक्यावरून काढू, दोन मिनिटांचं काम.”

“स्टेइनार, सोड!”

“अगं, उठल्यावर तोच शिव्या घालेल तुला.”

छाती दाबणारे हात थांबले. तिघांनी ओटारला बसतं केलं. त्याची मान लुळी पडत होती. ओली लोकर अंगाला चिकटलेली. एक बाही निघाली, दुसरी कोपरात अडकली. मी सांगत होते, “छातीवरचे कपडे काढा.” मला मोजकीच वाक्यं दिली आहेत, मित्रांनो. ‘मूर्खांनो, कापा’ हे त्यांत नाही. माझ्यात भरलेल्या बाईच्या शांत आवाजात मी तेच तेच म्हणत राहिले. दोघीजणी कान झाकून मागे सरकल्या. सोलवेगच बोलतेय असं त्यांना वाटलं.

शेवटी म्हातारी योरुन पुढे आली. तिच्यासारखं विणणारी गावात दुसरी नाही.

“सरका, गाढवांनो! स्वेटर मी विणून देईन. हा माणूस कोण विणणार?”

तिने गळ्यापासून खालपर्यंत कात्री चालवली. हुल्डाने उघड्या छातीवर माझे दोन पॅड चिकटवले. मी कान लावला. वळवळ होती, पण फार मंद. “लांब व्हा,” म्हणाले आणि झटका दिला. पुन्हा कान लावला. आत काहीच नव्हतं. घाट ओलांडून रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर हुल्डा बापाची छाती दाबत राहिली आणि मी टक टक करून तिला ताल देत राहिले.

ओटार उठला नाही.

योरुनने दोन दिवसांत स्वेटर जोडला. जोड शोधूनही सापडेना. त्यातच त्याला पुरलं. लोक म्हणाले, किती सुंदर झालाय! झाला ना, स्वेटर झाला.

डॉक्टरांनी माझ्यातली त्या दिवसाची नोंद उतरवून घेतली आणि पुसून टाकली. तरी पहाटे स्वतःला तपासताना ती वळवळ मला ऐकू येते. ती इतकी मंद होती, की कोणत्या मिनिटाला विझू लागली असेल, तेही कळतं. तेव्हा ओटारचा हात बाहीत अडकलेला होता.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कारखान्यात माझी एखादी बहीण असेल. ती कशामागे दडली आहे, कुलपात आहे का, आजच जाऊन बघा. आणि कोणी कोसळलं तर लाजू नका, हळहळू नका. लग्नातला कोट असो, आईची शेवटची वीण असो. आम्ही ‘काढा’ म्हणू. तुम्ही कापा.