खाटेखालची बाटली
शीळफाट्याच्या सिग्नलला अद्वय बाईकवर नुसता उभा होता. ना धक्का, ना ठोकर. अचानक छातीच्या डाव्या बाजूला सुरी खुपसावी तशी कळ आली आणि श्वास अर्ध्यावरच अडायला लागला.

कल्याणच्या हॉस्पिटलात एक्स-रे बघून डॉक्टर नीरजा म्हणाल्या, "फुप्फुसावर बारीकसा फुगा होता, तो फुटला. हवा बाहेर येऊन बरगड्यांच्या आत साठली आणि फुप्फुस बिचारं अंग चोरून बसलंय. उंच, किडकिडीत मुलांना होतं असं कधी कधी."

मग दोन बरगड्यांच्या मधून एक नळी आत गेली. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. साठलेली हवा तिथून बुडबुडत बाहेर पडायची.

शेजारच्या खाटेवर शहाडचे दगडूमामा होते. जांभळं काढताना फांदी मोडली आणि खाली आले. मोडलेल्या बरगडीचं टोक फुप्फुसात घुसलं. त्यांच्याही खाटेखाली तशीच बाटली.

"तुझी लई बडबडते रे," मामा म्हणाले. "तरणी हाय ना!"

दुपारी औषधाची गुंगी चढायची. पडद्यातून हिरवट उजेड यायचा, खाली दोन्ही बाटल्या बुडबुड करायच्या, आणि अद्वयला वाटायचं, वॉर्डात पाणी भरलंय, खाट अलगद तळाशी टेकलीय. त्या पाण्यातूनच मामांचा आवाज यायचा.

"पोरं होतो तवा उल्हास नदीत बुडी मारायचो. खालून वर बघायचं. सूर्य असा हालायचा, जसा काय कुणी पाळण्यात घातलाय."

तो हलता सूर्य बघत अद्वय झोपी जायचा.

एका दुपारी त्याला जाग आली, ती शांततेनं. एकच बाटली वाजत होती. त्याची. मामांच्या बाटलीतलं पाणी निपचित, मामा तोंड उघडं टाकून पडलेले.

गेले!

हाक मारायला छातीत दम नव्हता. स्वतःची बाटली खाली धरून तो कसाबसा उठला आणि मामांच्या छातीवर तळवा ठेवला. उबदार होती. बरगड्यांचा पिंजरा हळूच वर आला, खाली गेला.

मामांनी डोळा उघडला. "काय रे, खिसा चाचपतोस?"

"मामा, तुमची बाटली बंद पडलीय!"

मामांनी वाकून पाहिलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी अद्वयचा हात सोडला नाही.

"खोका बघू," नीरजा म्हणाल्या. मामा बरगडी धरून खोकले. एकही बुडबुडा नाही. नीरजांनी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्या हसल्या. "अहो, घाबरताय काय? छिद्र भरलं. आता हवा गळत नाही. छातीचा फोटो काढू आणि नळी काढू."

घरी निघताना मामा अद्वयच्या खाटेपाशी वाकले आणि बाटलीला म्हणाले, "बाई, आता तू बी गप ऱ्हा."

तिनं काही लगेच ऐकलं नाही. मामांच्या खाटेवर दुसरा कोणी आला, तो दिवसभर मोबाईलवर बोलायचा. अद्वय डोळे मिटून आपल्या एकट्या बाटलीचा आवाज ऐकत राहायचा. मग तोही विरळ झाला आणि एका सकाळी थांबला. या वेळी अद्वय घाबरला नाही, पण उगाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

"श्वास घे... धरून ठेव," नीरजा म्हणाल्या आणि नळी सर्रकन बाहेर आली.

अद्वयनं श्वास सोडला, पुन्हा घेतला. या खेपेला तो डावीकडे थेट खालपर्यंत पोचला. जरा दुखलं. दारात आई उभी होती. "चल रे," ती म्हणाली, "खाली रिक्षा थांबवलीय."