दुसरी बॅग

पावसात घरी बसावं एवढी अक्कल देवाने माझ्या नवऱ्याला दिली असती तर काय बिघडलं असतं? सकाळपासून धो धो कोसळत होतं, समोरची इमारतसुद्धा धड दिसत नव्हती, आणि महाशय बूट चढवून दारात उभे.

"चल, आवर लवकर. एवढ्या लांब काय तुझ्या खोलीचं छत बघायला आलोय?"

या परक्या शहरात मी दीड वर्षापासून शिकतेय. पिकांवर पडणाऱ्या बुरशीवर माझं काम चालतं. त्या कामाबद्दल नवऱ्याने आजवर एकच वाक्य उच्चारलंय: "बुरशी काय, आमच्या फ्रीजमध्येपण आहे." आणि ते तो प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगतो, वर स्वतःच हसतो. तर आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या प्राध्यापिकेने, मला आणखी एक वर्ष देऊ केलं होतं. राहणार की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. फोनवर हा विषय काढला की नवऱ्याकडची रेंज नेमकी तेव्हाच जायची, म्हणून मी तो इथे यायची वाट बघत होते. समोरासमोर विचारायचं आणि त्याने हो म्हणायचं, एवढंच मला हवं होतं. हसू नका. मला ते मनापासून हवं होतं.

आणि तो हो म्हणेल असंही वाटत होतं. कारण काय, तर कुकरची रिंग. माझ्या कुकरची रिंग सैल झालीय, शिट्टीच होत नाही, असं मी कधीतरी बोलता बोलता म्हटलं होतं. तर हा बाबा आठवणीने नवी रिंग घेऊन आला! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोने इथे राहू नये असं ज्याला वाटतं तो तिच्या कुकरची काळजी कशाला करेल? तीन दिवस मी त्या रबराच्या रिंगेवर तरंगत होते.

घरात छत्री एकच, माझी. "छत्री उंच माणसाने धरायची असते," असं म्हणत त्याने ती ताब्यात घेतली. म्हणजे छत्रीखाली तो, त्याचा फोन आणि माझा एक कान. बाकीची मी पावसात.

आधी संग्रहालय. तिथे त्याने एकाही वस्तूकडे धड बघितलं नाही. पाट्यांचे फोटो काढत सुटला. "घरी जाऊन निवांत वाचू," म्हणे. ज्याने लग्नात आलेल्या मिक्सरची माहितीपुस्तिका अजून उघडली नाही, तो हे वाचणार! एका जुन्या मडक्यापुढे मात्र थांबला. "याला काचेची पेटी? आपल्याकडे असली खापरं गुरं तुडवतात." पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, नशीब.

मग घड्याळाचा मनोरा. पावसामुळे जिना बंद. दुसरा कोणी परत फिरला असता. याने 'बंद आहे' या पाटीशेजारी उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला, दोनदा, कारण पहिल्यात पोट दिसत होतं. दुसऱ्यातही दिसत होतं, पण मी बोलले नाही. मला सोमवारचं विचारायचं होतं. गरजवंताला अक्कल नसते.

पुलावर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं, किती वाळलीस! बरं ऐक, तुमच्या खोलीला रंग लावायला घेतलाय. पिस्ता. पडदेपण नवे शिवायला टाकलेत."

"आत्ता कशाला, आई?"

"कशाला म्हणजे? तू आता..."

तेवढ्यात महाशयांनी फोन बंद करून खिशात घातला. "भिजतोय गं." जो फोन अर्धा तास नदीचा व्हिडिओ काढत पावसात न्हात होता, त्याला एकाएकी सर्दी झाली. मी म्हटलं, असेल.

पुलापलीकडेच माझी प्रयोगशाळा. "दहा मिनिटं चल, दाखवते," म्हटलं. सुट्टीचा दिवस, आत कोणी नव्हतं. मी माझ्या बशा काढल्या. काचेच्या चपट्या बशा, त्यांत वाढवलेली बुरशी, एकेक करड्या मखमलीसारखी. त्यातली एक जात बुरशी मारायला फवारतात ते तांब्याचं औषध पचवून जगते, हे मी वर्षभर खपून शोधलंय. ते सांगायला मी वळले, तर हा स्टुलावर बसून मोजे काढत होता. काढले, पिळले, आणि आमच्या हीटरवर वाळत घातले. ज्या खोलीत आम्ही हात धुतल्याशिवाय दाराची मूठ धरत नाही, तिथे याचे मोजे!

"अरे, काय करतोस? इथे नाही असलं काही चालत."

"कोण बघतंय? आणि तुमच्याकडे बुरशीच तर आहे. तिला काय होणार?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गिळलं. म्हटलं, आत्ताच बोलून टाकावं. "ऐक ना. बाई मला अजून एक वर्ष देतायत. हे काम पूर्ण होईल माझं. राहू?"

त्याने मोज्याला हात लावून बघितला. "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. पण मनात ती रिंग होती ना. म्हटलं, या वेळेपुरतं 'बघू' म्हणजे खरंच बघू असेल.

"आधी बाजारात चल," तो म्हणाला, "दुकानं बंद होतील."

बाजारात मात्र माणूस खुलला. मनोरा, पूल, मडकी, सगळं त्याने उरकलं होतं. इथे तो रमला. मावशीला चॉकलेटं, आत्याला चॉकलेटं, आत्याला दिली म्हणून काकूला जास्त मोठा डबा. साहेबांना अत्तर. साहेबांच्या मेहुणीलाही अत्तर. साहेबांच्या मेहुणीशी याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. तिघा भाच्यांना बूट, पायांची मापं फोनवर मागवून. मला काय हवं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. हो, एकदा विचारलं: "तुला काय वाटतं, आईला हा रंग शोभेल?"

शेवटी त्याने एक दांडगी लाल बॅग घेतली आणि सगळं तिच्यात कोंबलं. बस थांब्यावर आलो. थांब्याला छप्पर नाही, नुसता खांब. तिथे याने खिशातून हुकाचा छोटा वजनकाटा काढला. हो, हा माणूस बॅगेचं वजन करायचा काटा खिशात घालून शहर बघायला निघाला होता. एका हाताने बॅग उचलून त्याने आकडा वाचला आणि खूश झाला.

"बसतंय बरोबर."

"कशात बसतंय? तुला एकच बॅग नेता येते ना? ती तर भरून पडलीय घरी."

"माझी ती. ही तुझी."

"माझी?"

"अगं, तिकीट काढलंय तुझं. गुरुवारचं, माझ्याबरोबर. शेवटच्या दिवशी सांगणार होतो, गंमत म्हणून. आई म्हणाली, आधी विचारत बसलास तर ती फाटे फोडेल."

पिस्ता रंग. नवे पडदे. माझ्या नावाची बॅग, आणि तिच्यात माझा एक रुमालसुद्धा नाही.

"आणि कुकरची रिंग?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. "परत न्यायचं होतं तर रिंग कशाला आणलीस?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला. "मग आठ दिवस जेवायचं काय आपण? मला नाही जमत बाहेरचं."

अस्सं. तीन दिवस मी ज्याच्यावर तरंगत होते तो याचा वरण-भात होता.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज अगदी साधा आला. "मी येणार नाही. सोमवारी बाईंना हो सांगतेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लाल बॅगेकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पाऊस त्याच्या छत्रीवर आणि माझ्या डोक्यावर पडत होता. मी थांबले. 'का' म्हणेल, 'कशाला' म्हणेल, निदान चिडेल तरी. पाच वर्षं संसार केलाय आम्ही. काहीतरी म्हणेलच.

"मग हे सामान?" तो म्हणाला.

मी वाट बघितली, पुढे काही येतंय का.

"अगं, माणूस नसेल तर बॅग घेत नाहीत ते विमानात," तो कळवळून म्हणाला. "काकूला काय सांगू मी?"

मी त्याच्या हातातून छत्री घेतली. त्याला वाटलं, मी घेऊन चाललेय. त्याने हात पुढे केला. मी ती छत्री लाल बॅगेवर नीट धरली आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"धर. काकूंची चॉकलेटं भिजतील."

आणि मी प्रयोगशाळेकडे चालू लागले. मोजे वाळत घातले होते तो हीटर पुसायचा होता.

कोपऱ्यावरून एकदा वळून बघितलं. तो तिथेच भिजत उभा होता, आणि छत्री बॅगेवर होती.